डाव्या बाजूचा करार

पेडणे तालुक्यातील कोरगाव हे गाव तेरेखोल नदीच्या दक्षिणेस वसलेले आहे. कमळेश्वराचे देऊळ, माडांच्या बागा, काजूचे डोंगर आणि नदीकडे उतरत गेलेली भातशेती, असा त्याचा परिसर. या गावातून निघणाऱ्या वाटा पूर्वी कोठे ना कोठे पाण्यापाशी येऊन थांबत. उत्तरेस किरणपाणीपाशी तेरेखोल ओलांडली म्हणजे आरोंदे. दक्षिणेस चोपड्याच्या तरीवरून शापोरा नदी उतरली म्हणजे शिवोली आणि तेथून म्हापसे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला डोक्यावर पाटी घेऊन निघालेल्या बाईला तर पलीकडून परत येईपर्यंत काठावर बसून राहावेच लागे. कोजागरीला पेडण्याची पुनव पाहावयास जाणारी मंडळी चुडी पेटवून रात्रीची वाट तुडवीत. बैलगाडी असली तरी ती माणसाच्याच चालीने चाले. अशा मुलखात अपघात होत नसत असे नव्हे. होडी उलटे, माणूस माडावरून पडे, पावसाळ्यात ओहोळ ओलांडताना एखादा वाहून जाई. परंतु चालत्या वाहनाखाली सापडून माणूस मरावा, ही गोष्ट त्या काळच्या कोरगावकराच्या कल्पनेत बसणारी नव्हती.

ही परिस्थिती कशी पालटली, हे सांगताना मोटारगाडीपासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. पेडण्यापुरते मात्र थोडे मागे जावे लागते, कारण या तालुक्याचा रस्ता हा मुळात सीमेवरचा रस्ता आहे. पेडणे महाल १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांच्या ताब्यात गेला आणि गोव्याच्या नव्या काबिजादीत मोडू लागला. राजा बदलला, सोयरिकी बदलल्या नाहीत. कोरगाव, पालये, केरी येथील घरांचे आप्तसंबंध आरोंदे, सातार्डे, बांदे या पलीकडच्या गावांत होते आणि सावंतवाडीच्या बाजारपेठेचे महत्त्वही उणावले नव्हते. नदीच्या एका काठावर लिस्बनचा कायदा आणि दुसऱ्या काठावर संस्थानचा, अशी स्थिती पुढे पिढ्यान्पिढ्या राहिली. या काळातील बंडे, तह आणि जप्त्या यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. रस्त्यावर समोरून कोणी आल्यास कोणत्या बाजूला व्हावे, हा प्रश्न त्या मानाने क्षुल्लक, म्हणून त्याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. वस्तुतः तो पाहण्याजोगा आहे.

रस्त्याची बाजू ठरविण्याचा विचार मोटारीपेक्षा बराच जुना. लंडनच्या पुलावर गाड्यांची कोंडी होऊ लागली तेव्हा तेथील महापौराने १७२२ मध्ये असा हुकूम काढला की, शहरात येणाऱ्या गाड्यांनी एका बाजूने यावे व जाणाऱ्यांनी दुसऱ्या बाजूने जावे. प्रत्येकाने आपली डावी बाजू धरावी. पुढे १८३५ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये डावी बाजू सर्वत्र बंधनकारक झाली आणि इंग्रजी अंमलाबरोबर ती हिंदुस्थानात आली. फ्रान्स व त्याच्या प्रभावाखालील देश उजव्या बाजूस गेले. डावी बाजू शुभ की उजवी, तलवार कोणत्या हातात धरीत, घोड्यावर कोणत्या अंगाने चढत, यांविषयी रंजक कथा पुष्कळ आहेत. त्या ऐकाव्या आणि सोडून द्याव्या. महत्त्वाची गोष्ट एवढीच की, दोहोंपैकी कोणतीही बाजू दुसरीहून श्रेष्ठ नाही. सर्वांनी एकच बाजू धरणे मात्र अत्यावश्यक आहे. येथे शहाणपण बाजूत नसून एकमतात आहे.

पोर्तुगालने हे एकमत १९२८ मध्ये बदलले. त्या वर्षीच्या १ जूनपासून तेथील वाहतूक डावीकडून उजवीकडे गेली. कारण उघड होते. पोर्तुगालला जमिनीवरचा शेजारी एकच, तो म्हणजे स्पेन, आणि त्यापलीकडे फ्रान्स. ते उजव्या बाजूचे देश. सरहद्द ओलांडताच चालकाने बाजू बदलावी, ही रीत घातक व गैरसोयीची होती. आता लिस्बनचा कायदा बदलला म्हणजे वसाहतींचाही बदलावयाचा, हा नेहमीचा शिरस्ता. अंगोलात तो पाळलाही गेला. परंतु गोवा, मकाव आणि मोझांबिक येथे मात्र वाहतूक डाव्या बाजूसच राहिली. मोझांबिकच्या भोवती इंग्रजी अमलाखालील डाव्या बाजूचे मुलूख होते. मकावच्या पलीकडे हाँगकाँग आणि दक्षिण चीन. आणि गोव्याच्या तिन्ही बाजूंस ब्रिटिश हिंदुस्थान व सावंतवाडी. ज्या तर्काने पोर्तुगाल उजवीकडे गेले, त्याच तर्काने गोवा डावीकडे राहिला.

साम्राज्ये आपल्या प्रजेची भाषा, नाणी, वजने आणि प्रसंगी धर्मही बदलावयास मागेपुढे पाहत नाहीत. त्यांपैकी एका साम्राज्याला बांद्याहून पत्रादेवीवरून पेडण्याकडे येणाऱ्या रस्त्याची बाजू बदलता आली नाही. ती बदलली असती तर सरहद्दीच्या नाक्यावर दोन गाड्या समोरासमोर येऊन थडकल्या असत्या आणि दोष कोणाचाच ठरला नसता. रस्त्याचा नियम हा राजाज्ञा म्हणून कितीही मिरवला तरी मुळात तो दोन अनोळखी वाटसरूंमधील करार असतो, ही गोष्ट पेडण्याच्या सीमेने अशी सिद्ध करून दाखविली.

पुढे हीच सीमा बंद झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, भारत सरकारने गोव्याशी असलेले संबंध तोडले आणि या रस्त्यावरील वर्दळ आटली. सहा वर्षांनी, १८ डिसेंबर १९६१ रोजी, भारतीय सेनेची वाहने गोव्यात शिरली. माघार घेणाऱ्या पोर्तुगीज सैन्याने डिचोली, अस्नोडा आणि शापोरा येथील पूल उडवून दिले होते. वाट काढताना सेनेला त्याचा त्रास झाला. परंतु रस्त्याची बाजू कोणालाच बदलावी लागली नाही. साडेचार शतकांची सत्ता दोन दिवसांत गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी म्हापशाच्या रस्त्यावर निघालेला कार्रेरवाला कालच्याच बाजूने गाडी हाकीत होता.

बाजू बदलण्याचा खटाटोप किती मोठा असतो, हे स्वीडनने १९६७ मध्ये दाखविले. ३ सप्टेंबरच्या पहाटे त्या देशाने डावी बाजू सोडून उजवी धरली. रस्तोरस्ती अपघातांचा खच पडेल, अशी पुष्कळांची भीती होती. घडले उलटेच. अपघात काही काळ कमी झाले. प्रत्येक जण धास्तावून, समोरच्याकडे बघून, सावकाश गाडी चालवीत होता. नव्या बाजूची सवय झाली तशी ती धास्ती ओसरली, आणि दोनएक वर्षांत अपघातांची संख्या पूर्ववत झाली.

येथवरची हकीकत ऐकून असे वाटेल की, करार पाळला म्हणजे सर्व काही ठीक होते. परंतु या कराराला एक गृहीत अट आहे, आणि मोटारगाडी आल्याबरोबर ती मोडली. करार करणारे दोघे सारख्या बळाचे असावे लागतात. बैलगाडी बैलगाडीवर आदळली तर दोन्हींची जू मोडतात. म्हणून दोघेही गाडीवान बाजूला होतात. यंत्राच्या गाडीपुढे पायी माणूस आला म्हणजे नुकसान एकाचेच होते. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची चव्वेचाळीस वर्षांची बाई मोटारीखाली सापडून गेली. ब्रिटनमध्ये मोटारगाडीने घेतलेला हा पहिला पादचारी बळी मानतात. गाडी अगदी मंद चालली होती असे साक्षीत आले, आणि असा प्रकार पुन्हा घडू नये अशी आशा चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने व्यक्त केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात अशा प्रकारे सुमारे ११ लाख ९० हजार माणसे दगावली.

बळाची ही विषमता गोव्यात कोणी सर्वांत आधी आणि सर्वांत जवळून पाहिली असेल, तर ती पेडण्याच्या शेजारच्या डिचोली तालुक्याने. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथील लोहखनिजाला जपान व युरोपात मागणी आली. डोंगर फोडून काढलेली माती ट्रकांनी मांडवीच्या काठी आणावयाची, तेथून बार्जमध्ये भरून मुरगावला जहाजावर चढवावयाची, अशी ही साखळी. खाण आणि नदी यांमधला रस्ता मात्र गावाचाच असे. शिरगाव, मये, पाळी, वेळगे या भागांत ज्या वाटेने मुले शाळेत जात, बाया पाणी आणीत आणि गुरे रानात जात, त्याच वाटेने खनिजाने भरलेल्या ट्रकांच्या रांगा धावू लागल्या. उन्हाळ्यात तांबडा धुरळा आणि पावसाळ्यात तांबडा चिखल.

या ट्रकचालकांना बेपर्वा, उन्मत्त म्हणून मोकळे होणे सोपे होते, आणि तसे पुष्कळ झालेही. परंतु त्यांच्या मिळकतीचा हिशेब पाहिला म्हणजे निराळे चित्र दिसते. मोबदला खेपेवर होता. दिवसाकाठी जितक्या खेपा, तितके पैसे. ट्रक कर्जाने घेतलेला, हप्ता ठरलेला. धक्क्यावर रांगेत वेळ गेला तर तो रस्त्यावर भरून काढावयाचा. अशा व्यवहारात वेग हा चालकाच्या स्वभावातून येत नाही, तो हिशेबाच्या वहीतून येतो. आणि ज्याच्या वहीतून येतो तो अपघाताच्या ठिकाणी कधीच हजर नसतो. या रस्त्यांवर माणसे मेली, लोक रस्त्यावर बसले, ट्रक अडविले गेले, खनिज वाहतुकीसाठी गावाबाहेरून स्वतंत्र रस्ता द्या ही मागणी वर्षानुवर्षे होत राहिली. न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. मध्यंतरी काही काळ चालून, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने त्या पुन्हा थांबल्या. कारणे परवान्यांची आणि बेकायदा उत्खननाची होती. रस्त्यावर गेलेले जीव त्या निकालांचा विषय नव्हते. खाणी थांबल्याने हजारो घरांची चूल अडचणीत आली हेही खरे, आणि त्याच काळात डिचोलीच्या पुष्कळ आयांनी मुलांना एकटे शाळेत धाडले हेही खरे. दोन्ही सत्ये एकाच गावात, प्रसंगी एकाच घरात नांदत होती.

पेडण्यात खाणींचा असा व्याप नव्हता. तेथे वेग दुचाकीवरून आला. भाड्याने मोटारसायकलवर माणूस नेणारा ‘पायलट’ ही गोव्याची खासियत. काळी गाडी, पिवळा मडगार्ड, आणि मागे बसलेला एखादा पोक्त गृहस्थ एका हाताने धोतर आणि दुसऱ्याने पिशवी सांभाळतो आहे, हे दृश्य एका पिढीच्या परिचयाचे होते. बस दिवसातून मोजक्या वेळा येई, वाडे दूरदूर विखुरलेले. तेव्हा पायलटाने आणि पुढे घरोघरी आलेल्या स्कूटरने या तालुक्याची मोठीच सोय केली. मात्र या वाहनाला भिंत नाही, छप्पर नाही. आदळल्यावर जे आपटते ते थेट डोके.

डोक्याचा हा विचार एका नामांकित माणसाच्या मरणातून पुढे आला. अरबस्तानातील पराक्रमामुळे गाजलेला टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी इंग्लंडातील एका खेडेगावच्या रस्त्यावर सायकलवरील दोन मुलांना चुकविताना मोटारसायकलवरून फेकला गेला आणि सहा दिवसांनी वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी युद्धकाळात लष्करी निरोप नेणाऱ्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमा अभ्यासल्या आणि १९४१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. हेल्मेट घातलेल्यांच्या जखमा सौम्य होत्या. ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांना ते सक्तीचे केले. नागरिकांसाठी सक्ती व्हावयास मात्र १९७३ साल उजाडले. पटलेली गोष्ट अंगवळणी पडावयास बत्तीस वर्षे लागली, आणि तीही शिस्तीबद्दल ज्याचे दाखले दिले जातात अशा देशात.

भारतात १९३९ चा मोटारवाहन कायदा मुक्तीनंतर गोव्यालाही लागू झाला. त्याची जागा १९८८ च्या कायद्याने घेतली आणि त्याच्या १२९ व्या कलमाने दुचाकीस्वाराला हेल्मेट आवश्यक ठरविले. (शिरस्त्राण हा शब्द भारदस्त खरा, पण तो कोणत्याही दुकानात चालत नाही.) तरीही २०२२ मध्ये देशात जी १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मरण पावली, त्यांत हेल्मेट न घातलेली ५०,०२९ होती. गोव्यात अलीकडच्या वर्षांत दरसाल अडीचशे ते तीनशे माणसे अशी जातात. संख्या लहान दिसते ती राज्य लहान म्हणून. लोकसंख्येशी ताडून पाहिल्यास हे प्रमाण देशाच्या सरासरीच्या वर जाते. मरणाऱ्यांत दुचाकीस्वारांचाच भरणा अधिक. आणि तालुक्याच्या गावाला जाताना हेल्मेट घालणारा माणूस गावातल्या गावात दूध आणावयास जाताना ते खुंटीवर ठेवून जातो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. त्याच्या मनात हेल्मेट हा पोलिसाशी असलेला व्यवहार आहे. जेथे पोलीस नाही तेथे व्यवहारही नाही. डाव्या बाजूची गोष्ट तशी नाही. मध्यरात्री निर्जन रस्त्यावरसुद्धा कोणी उजवीकडून गाडी चालवीत नाही, कारण त्या नियमाच्या दुसऱ्या टोकाला शिपाई नसून समोरून येणारे वाहन असते.

आता पेडण्याचा नकाशाच बदलला आहे. शिवोली–चोपडे पुलाने शापोऱ्याची तर संपविली, किरणपाणी–आरोंदे पुलाने तेरेखोलची. पत्रादेवीहून येणारा महामार्ग रुंद झाला. ५ जानेवारी २०२३ पासून मोपा येथील विमानतळावरून विमाने ये-जा करू लागली, आणि हरमल, मांद्रे, केरी या किनाऱ्यांकडे निघालेली वाहने तालुक्याच्या आतल्या रस्त्यांवर उतरली. यांत भाड्याची दुचाकी घेऊन निघालेले पाहुणेही असतात. त्यांना वळणाआडचा उतार ठाऊक नसतो, आणि कोठल्या घराच्या पायऱ्या थेट रस्त्यावर उतरतात हेही ठाऊक नसते. पूर्वी पाण्याने आपोआप जो वेग रोखला होता, तो रोखणारे आता काही उरले नाही. रस्त्याची कड मात्र तीच आहे. एका अंगाला चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या अंगाला शेत, मध्ये विजेचा खांब, पायवाट नाही. जखमी झालेल्या माणसाला १०८ ची गाडी उचलते खरी. पण दुखापत भारी असली तर म्हापशाचे जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते, आणि कोरगावच्या माणसाला ते अंतर दूरचेच पडते. वाटेत पडलेल्याला हात लावला तर पोलीस आपल्यालाच धरतील, ही जुनी भीती घालविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम मंजूर केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते कायद्यात आले. खेड्यापाड्यांत ही वार्ता अजून पुरती पोहोचलेली नाही.

रस्ता बांधणाऱ्याने माणसाची चूक गृहीत धरूनच तो बांधावा, असे तत्त्व स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये स्वीकारले. माणूस चुकणारच, त्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, म्हणून जेथे पायी माणूस आणि मोटार एकत्र येतात तेथे वेगच मर्यादेत ठेवावा, समोरासमोरच्या वाहनांमध्ये आडोसा घालावा, अशी ती दृष्टी. या विचाराने पाहिले तर डाव्या बाजूच्या जुन्या कराराची एक उणीव ध्यानात येते. तो गाडीवानांनी गाडीवानांशी केलेला करार होता. पायी चालणारा त्यात सहीला नव्हता. मात्र शाळेच्या फळ्यावर त्यालाही तोच नियम लिहून देण्यात आला की, नेहमी डाव्या बाजूने चाला. पायवाट असलेल्या शहरात याने बिघडत नाही. पायवाट नसलेल्या गावरस्त्यावर डाव्या कडेने चालणाऱ्या मुलाच्या पाठीमागून ट्रक येतो, आणि तो त्याला दिसत नाही. ब्रिटनमध्ये १९३१ पासून निघत असलेली ‘हायवे कोड’ ही नियमांची पुस्तिका अशा रस्त्यावर पादचाऱ्याला उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावयास सांगते. वळण आंधळे असेल तर त्याआधी रस्ता ओलांडून पलीकडे जाण्यासही सांगते. देऊळवाड्यावरच्या कमळेश्वर विद्यालयातून सुटणाऱ्या मुलांना घरी जाताना मागून येणारी गाडी आधी ऐकू येते, मग जाणवते. समोरून येणारी ती लांबूनच पाहू शकतील.